सायलेन्सरवरचं ओलं बारदान

गाडीचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर सायलेन्सरकडं नेणाऱ्या नळ्यांचा जोड, बदलणं हे काही मोठं काम नाही. बदलल्यावरही धूर गळत राहिला, तर तो कुठून गळतोय हे शोधणं, ते खरं काम. आणि ते एकट्यानं होत नाही. एकानं मागं बसून सायलेन्सरच्या तोंडावर ओलं बारदान धरायचं, म्हणजे धुराची वाट तुंबते आणि जिथं फट असेल तिथून तो फसफसायला लागतो. दुसऱ्यानं त्याच वेळी बॉनेटखाली कान देऊन उभं राहायचं. आमच्याकडं बारदान धरायला कायम आमची बायको. पदर नाकाला लावून बसायची आणि मागून ओरडायची, "झालं का? का मला धुरी देऊन मारता?" मी पुढून ओरडायचो, "गप बस की, ऐकू दे!" असा आमचा संसार. ती गेल्या उन्हाळ्यात गेली. आता गप बस म्हणायलाही घरात कोणी नाही.

कर्जतकडून येताना मिरजगावच्या अलीकडं, माळावर आमची वस्ती. मी पुष्कळ वर्षं जीपनं वडाप केलं, कर्जत ते मिरजगाव, आत बारा, टपावर चार, मागं लोंबकळतील तेवढे. ती जीप अजून दारात आहे. डिझेलची, जुनी, माझ्यासारखीच खोकणारी. लोक म्हणतात, भंगारात घाला. मी म्हणतो, आधी तुम्ही चला.

पोरगी एकच. कोपरगावला दिलीय. जावई साखर कारखान्यात कामाला, माणसं चांगली. दिवाळीला तिला आणायला जीप घेऊन गेलो तेव्हा तिला दिवस गेलेले होते, आणि नेमका त्याच वेळी मॅनिफोल्डला तडा गेलेला. सगळा धूर आत. राहुरीपर्यंत पोरीनं तीनदा गाडी थांबवायला लावली आणि प्रत्येक वेळी उलटी. परत सोडायला गेलो तो एसटीनं. त्यानंतर मी एकच गोष्ट डोक्यात धरली. पहिलं बाळंतपण माहेरी. आई नसली म्हणून काय झालं, माहेर आहे ना? खोलीला चुना दिला, बाजेची नवार आवळून घेतली, डिंक आणून ठेवला. लाडू करता येत नाहीत मला, पण डिंक आणून ठेवला.

विहीणबाईंना फोन केला. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, तुमच्या गाडीत लई धूर हुतो. पोरीला सोसायचा न्हाई. आधी गाडी नीट करा, मग बघू."

एवढंच ना? अहो, हातचं काम! नगरला जाऊन नवा मॅनिफोल्ड आणला, नवं पॅकिंग आणलं, आणि दारातल्या लिंबाखाली स्वतः बसवला. माझ्या इंजिनाला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही. सगळे नट आवळले, हात पुसले, स्टार्टर मारला. फस्स, फस्स, फस्स. जुन्यापेक्षा जास्त! अस्सा राग आला की पाना फेकला तो थेट गोठ्यात. गाय उठून उभी राहिली आणि माझ्याकडं बघत बसली.

आवाज तर चाकापाशी आल्यासारखा वाटायचा, काजळी भलतीकडंच दिसायची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बारदान धरायला कुणीतरी हवं होतं. पण आमची वस्ती दसऱ्यानंतर ओस पडते. सगळी माणसं उसाच्या तोडीला जातात, बायकापोरं, बैल, कोंबड्यासुद्धा. प्रत्येक दाराला कुलूप. राहते एक पलीकडची म्हातारी, तिला ऐकू येत नाही आणि उठवत नाही. तिला मी सकाळी दूध नेऊन देतो, ती मला आशीर्वाद देते, तेवढंच आमचं बोलणं.

मग एकट्यानं करून बघितलं. बारदान तारेनं बांधलं, तर इंजिन गुदमरून बंद. सैल बांधलं, तर उडून बाभळीत. विटेचा टेकू दिला, वीट फुटली. एका हातानं टाळी वाजत नाही ती नाहीच. रागाच्या भरात पॅकिंगच खराब म्हणून ते काढून दुसरं घातलं. तेही फस्स. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी मडगार्डला पाठ टेकून तसाच मातीत बसलो आणि खरं सांगतो, रडलो. गाडीसाठी नाही. कुणाला हाक मारायची, ते नावच सुचेना.

तेवढ्यात पोरीचा फोन.

"आप्पा, जेवला का?"

"जेवन ऱ्हाऊ दे. गाडी फसफस करायलीय अजून."

"मग बारदान लावून बघा की."

"कोन धरनार? तुझी आई?"

बोलून गेलो. ती म्हणाली, "मी ऐकते. फोन इंजिनापाशी ठेवा, तुमी मागं जा."

मला हसू आलं. म्हटलं, ही कोपरगावात बसून माझं इंजिन ऐकणार! पण लहानपणी हीच आईच्या मांडीवर बसून हे सगळं बघायची. फोन टॉवेलात गुंडाळून बॉनेटच्या दांडीला बांधला, पहिल्या नळीच्या वर. मागं पळालो, बारदान दाबलं, दहा आकडे मोजले, परत पुढं पळालो. "हितं?"

"न्हाई, साधाच आवाज हाय."

दुसऱ्या नळीवर बांधला. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. गुडघे बोलायला लागले. मध्येच रेंज गेली, तेव्हा टॉवरला शिव्या दिल्या. तिसऱ्या नळीवर म्हणाली, "जरासा हाय." चौथ्या नळीवर, अगदी ड्रायव्हरच्या पायापाशी, फोन ठेवून मागं जाऊन आलो तर ती ओरडतच होती, "आप्पा, हितंच हाय! हितंच! कानात फुंकल्यावानी!"

उजेडाला बॅटरी घेऊन वाकलो. तिथला खालचा नट. पान्यानं घट्ट, हलायला तयार नाही. पण मॅनिफोल्डला बोटानं दाबलं तर नटाखाली नख जाईल एवढी फट. म्हणजे नव्या मॅनिफोल्डचा नटाखालचा कान जुन्यापेक्षा पातळ होता. स्टडचे, म्हणजे बोल्टाचे, आटे संपले, नट तिथं अडकून बसला, आणि माझ्या हाताला वाटलं की आवळला गेला. घट्ट होता तो स्वतःपुरता, धरलं काहीच नव्हतं. एक जाड वायसर घालायचं काम. डब्यातून काढलं, घातलं, आवळलं. स्टार्टर मारला.

गाडी अशी गप्प झाली की लिंबावरचे होले ऐकू आले.

"झालं का एकदाचं?" फोनमधून पोरगी म्हणाली, अगदी तिच्या आईच्या आवाजात. मग आम्ही दोघंही हसलो, आणि मी म्हणालो, "रविवारी येतो न्यायला. पिशवी भरून ठेव."

रविवारी पहाटे म्हातारीला दूध दिलं, पुढच्या सीटवर गोधडी दुमडून टाकली आणि निघालो. नगर गेलं, राहुरी गेली. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी चालवताना मी चक्क गाणं म्हणत होतो. कोपरगावात दारात जाऊन मुद्दाम इंजिन चालूच ठेवलं. विहीणबाई बाहेर आल्या, गाडीला एक फेरी मारली. "आवाजच न्हाई हो," म्हणाल्या, पण त्यांचं तोंड उतरलेलं होतं.

चहा झाला. मी म्हणालो, "निघतो मग. ऊन चढायच्या आत निम्मा रस्ता काटतो."

विहीणबाई पदराशी चाळा करत बसल्या. "आप्पा, राग मानू नका. गाडीचं मी निमित्त सांगितलं. पोरीच्या बापाला तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? पन घरात बाईमानूस न्हाई. वस्तीवर चिटपाखरू न्हाई. कळा सुरू झाल्या तर तुमी कुनाला हाक मारनार? बाळाला न्हाऊ कोन घालनार?"

"मी घालीन," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

सोयरिकीत आमच्याकडं कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. रस्ता खराब हाय म्हणतात, अमावस्या जाऊ द्या म्हणतात, बघू म्हणतात. ऐकणाऱ्यानं ओळखायचं असतं. मी जन्मभर असंच बोललो आणि असंच ओळखलं. या वेळी मात्र निमित्त दुरुस्त करत बसलो. घरी बायको असती तर फोन ठेवता ठेवता म्हणाली असती, अहो, गाडीचं नाहीये ते.

पोरगी माझ्याबरोबर गाडीपाशी आली आणि सावकाश, दोन्ही हातांनी धरून, पुढच्या सीटवर चढली. गोधडीवर बसली. "चालू करा," म्हणाली. मी चालू केली. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग, "छान झालीय आप्पा," म्हणून उतरली. दार मात्र बराच वेळ धरून ठेवलं तिनं. शेवटी मीच म्हटलं, सोड आता, ऊन लागंल तुला.

परतीचा रस्ता लांबला. गाडीला शिव्या द्यायलाही कारण उरलं नव्हतं. इतके दिवस त्या फसफशीशी भांडण चाललं होतं, तेवढी तरी सोबत होती. शेजारी रिकामी गोधडी आणि समोर रस्ता. मिरजगावात उतरून चहा प्यावा म्हटलं, पण कुणी विचारलं असतं, पोरगी कुठाय? उतरलोच नाही.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते, म्हणजे एकट्या म्हातारीचा. धार काढली, चुना दिलेल्या खोलीचं दार ओढून घेतलं. फोन वाजला.

"पोचला का?"

"पोचलो."

"आप्पा, एक सांगू? फोन घरात ठेवा जरा. बोलू नका. मला घर ऐकायचंय."

हे कसलं खूळ, म्हटलं. पण चुलीशेजारच्या फळीवर फोन ठेवला, तिथं तिची आई पोळपाट ठेवायची. आणि भिंतीला टेकून बसलो. बराच वेळ गेला.

"काय आलं का ऐकू?" मी विचारलं.

"न्हाई आप्पा," ती म्हणाली. "कुठनंच काय येत न्हाई."

आणि तिचा आवाज फाटला.

मी उठलो. पहिल्यांदा तवा हाताला लागला, तो चुलीवर आपटला. मग तांब्या ताटावर आपटला, मांडणीवरच्या वाट्या हलवल्या, पोळपाटावर लाटणं बडवलं. गोठ्यात गाय हंबरली, बाहेर कुत्री भुंकायला लागली. मी ओरडत होतो, "हे बघ! कोन म्हनतं आवाज न्हाई? ऐक! हाय का न्हाई आवाज?"

तिकडून ती रडत होती की हसत होती, ते मला कळलं नाही.

"येतोय, आप्पा," ती म्हणाली. "थांबू नका. आनखी वाजवा."