नलूची जागा

नाचणगावची रुख्माबाई एकटी फिरायची, हे आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या अख्ख्या मंडळाला खटकायचं. पण तिला सांगणार कोण? बाई फटकळ, आणि मंडळ तिनंच उभं केलेलं. ती आणि तिची मैत्रीण नलू, दोघी कॅथलिक, दोघी संसारी. ना फादर सोबत, ना सिस्टर. आजाऱ्यांच्या घरी जायच्या. एकीनं नमो मरियाची प्रार्थना म्हणायची, दुसरीनं गप बसून आजाऱ्याचा हात धरायचा. हात धरणारी नलू. येशूनं शिष्य दोघंदोघं धाडले, म्हणून एकट्यानं जायचं नाही, हा नियमही दोघींचाच. बघता बघता पुलगाव, सिंदी, पार तळेगावपर्यंत जोड्या झाल्या.

आणि नलू तापानं गेली.

रुख्माबाईनं दुसरी जोडीदारीण घेतलीच नाही. "माही जोडी हाये," म्हणायची. झालं, विषय संपला! रस्त्यानं उजवीकडं जागा सोडून चालायची, कुणाकडं बसली की शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवायची. ती जागा कुणी घेतली तर नलू कायमची जाईल, या भीतीनं तिचा जीव पोखरला होता. अलीकडं मागं चपलांचा आवाज यायचा. ती वळून बघत नसे. न जाणो, कुणीच नसलं तर?

त्या दुपारी ती मंडळातल्याच प्रभाकररावांकडं गेली. म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता. दाराकडं बघत म्हणाला, "नलूले उभी काऊन ठेवली वो, बाई?"

रुख्माबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. वळली, तर दारात मंडळातली नवी पोरगी, वर्षाली.

"मावशी, एकट्यानं जायचं नाई ना. म्हणून मी रोज मांगं मांगं येऊन राह्यली."

म्हणजे चपला हिच्या, नलूच्या नव्हेतच! रुख्माबाईला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

"थे पोरगी नाई," म्हातारा पुटपुटला. "तिच्या मांगं. लय थकली वो नलू. पाय दुखून राह्यले तिचे."

अरे देवा, मेल्यावरही आपण तिला गावोगाव चालवतोय! रुख्माबाईनं खुर्चीवरची पिशवी उचलली. "बस, पोरी," म्हणाली. वर्षाली बसली.

प्रभाकररावांनी दाराकडं बघितलं. "गेली," म्हणाले आणि डोळे मिटले.

रुख्माबाईनं नमो मरिया म्हणायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. मग वर्षालीनंच प्रार्थना सुरू केली, आणि रुख्माबाईनं जन्मात पहिल्यांदा गप बसून आजाऱ्याचा हात धरला.