पद्माक्कांचा पाना

“मदत करायचीच असंल तर चाकामागं दगड लावा, पाना माझ्या हातात ऱ्हाऊ दे,” असं पद्मावती एकदा म्हणाल्या होत्या. कसबा बावड्याच्या बाहेर, उसाच्या फडालगतच्या रस्त्यावर, पाच पुरुष भोवती उभे असताना. त्या सकाळी त्यांचं कुणी ऐकलं नाही.

त्या कागलकडच्या जैन शेतकरी घरातल्या. लग्न होऊन बावड्यात आल्या तेव्हा त्यांना सायकलही येत नव्हती. नवरा धनपाल गावच्या दूध संस्थेसाठी व्हॅन चालवायचे. त्यांची नजर अधू होत गेली, मग गेलीच, आणि व्हॅन दारात उभी राहिली. विकायचं ठरलं. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी पद्मावतींनी किल्ली कमरेला खोचली आणि ती परत दिली नाही. वय एक्केचाळीस. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात त्या गाडी शिकल्या. शेजारी धनपाल बसायचे, दिसत काही नसताना. “दुसरा टाक,” ते म्हणायचे, “इंजिन रडायलंय.”

त्याला अकरा वर्षं झाली. नऊ वस्त्यांवरचं दूध गोळा करून सातच्या आत शीतकरण केंद्रावर पोचवायचं. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. लोक त्यांना पद्माक्का म्हणू लागले.

त्या रस्त्यांवर टायर टिकत नाही. उसाच्या ट्रॉल्यांमधून तारेचे तुकडे पडतात, खिळे पडतात. पहिल्या वर्षी त्या पंक्चरवाल्याला फोन करायच्या. तो चहा संपवून यायचा, आणि इकडे कॅनमधलं दूध तापत जायचं. वाट बघण्यात एक अपमान असतो, आणि तो करणाऱ्याच्या ध्यानातही नसतो. वर्षभरात त्यांनी तो फोन बंद केला.

चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे. मग जॅक, आणि जॅकखाली फळी. स्टेपनी चढवायची, नट समोरासमोरचे आवळायचे. पंधरा मिनिटं. दुपारी अंगणात फाटक्या टायरवर साबणाचं पाणी ओतून बुडबुडा शोधायचा, खिळा पकडीनं ओढायचा, भोक कानशीनं घासून त्यात रबराची वात दाबायची, वर राहिलेलं शेपूट ब्लेडनं छाटायचं. नखांतला काळा रंग कधीच पुरता जात नाही. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, तांदूळ वाहताना बायका त्यांच्या बोटांकडे बघतात. त्या बोटं लपवत नाहीत.

आमच्या भागात बाई रस्त्याकडेला गाडीपाशी उभी दिसली की पुढे कुणी जात नाही, थांबतात. ही चांगली रीत आहे. पण थांबलेला माणूस आधी हातातला पाना मागतो, आणि मागतो तेही घेऊन झाल्यावर.

त्या सकाळी चाक पंक्चर झालं तेव्हा पहिला थांबला विजयसिंह, दूध संस्थेचा संचालक. “अक्का, सरका तुमी,” म्हणत त्यानं पाना घेतला. मागून आणखी चौघे आले. नट सैल न करताच त्यांनी गाडी उचलली. मग चाक गरगर फिरू लागलं आणि दोघे त्याला मिठी मारून बसले. गाडी परत खाली घेतली. पुन्हा जॅक लावताना विजयसिंहानं फळी काढून फेकली, “ही कशाला मधी?” म्हणून. खाली उसाच्या चिपाडाचा थर होता, वर कोरडा, आत ओला. चाक काढलं तोच जॅक आत गेला, गाडी कलंडत ब्रेकच्या ड्रमवर बसली, दोन कॅन आडवे झाले. दूध केंद्रावर साडेआठला पोचलं. निम्मं आंबट म्हणून परत आलं.

चौथ्या दिवशी संस्थेच्या खोलीत बैठक भरली. ठराव आधीच तयार होता: यापुढं गाडीवर घरातला एक पुरुष बरोबर असेल तरच फेरी. पद्मावतींनी तसं लिहून द्यायचं.

“अक्का, राग मानू नका,” अध्यक्ष गणपतराव म्हणाले. “तुमच्या काळजीपोटीच हाय हे.”

“घरातला पुरुष म्हंजे धनपाल. त्यास्नी दिसत न्हाय. चालंल?”

कुणीतरी हसलं. गणपतराव हसले नाहीत. “दूध सांडलं, अक्का.”

“सांडलं की. कुणी सांडलं त्ये बी लिवा.”

विजयसिंह मोबाइलकडे बघत म्हणाला, “आमी थांबलो नसतो तर दिसभर बसला असता तिथंच.”

“थांबलासा म्हणून दीड तास बसलो. फळी कुणी फेकली?”

“आता चिपाड खालनं वल्लं हाय, मला काय ठावं?”

“मला ठावं व्हतं. सांगिटलं की. दोनदा.”

बैठकीचं इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिव क्रांतीनं मान वर केली. “हे लिहू का?”

“हे न्हाय लिवायचं,” गणपतराव म्हणाले. मग त्यांनी सूर बदलला. “बरं, असं करूया. गाडी भाईरच हाय. एक चाक काढून परत बसवून दावा आमास्नी. जमलं तर इचार करू.”

“विजयसिंहाची परीक्षा परवाच झाली. नापास झाला, तरी संचालक हायच की.”

आता सगळी खोली हसली. विजयसिंहसुद्धा हसला, कान लाल होऊन. क्षणभर वाटलं, विषय इथंच संपला. पण हसण्यानं काही हलत नाही, हसणारा फक्त खुर्चीत जरा सैल बसतो.

गणपतरावांनी डोळे पुसले आणि कागद पुढे सरकवला. “झालं हसून. ठराव हाय त्यो हाय. सही करा, न्हायतर उद्या सकाळपास्नं फेरी दुसऱ्याकडं.”

पद्मावतींनी कागद शेवटपर्यंत वाचला. ‘स्वखुशीने’ या शब्दावर त्या थोडा वेळ थांबल्या. कागदाच्या एका बाजूला त्यांची अकरा वर्षं होती आणि दुसऱ्या बाजूला सही. क्रांतीनं पेन दिलं. ते त्यांनी घेतलं, टोपण लावलं आणि कोऱ्या राहिलेल्या जागेवर आडवं ठेवलं.

“अक्का,” गणपतराव म्हणाले, “अवो, काय तर बोला.”

त्यांनी खुर्ची मागे सारली, दारात चपला घातल्या, आणि गेल्या.