सुकवारो वहिनी आणि वाटेत थांबलेली गाडी

सकाळी सातला फोन वाजला. एवढ्या सकाळी भिलाईहून रमेश कधी फोन करत नाही. रमेश माझ्या दादाचा मुलगा. "आत्या..." एवढं बोलून तो थांबला, आणि मग हिंदीत म्हणाला, "आई नहीं रही." झोपेतच गेली होती. कुणाला हाक मारली नाही, पाणी मागितलं नाही. मी नागपूरच्या घरात फोन हातात धरून उभी राहिले. डोळ्यांसमोर मात्र ऐंशी ओलांडलेली वहिनी आलीच नाही. आली ती वीस वर्षांची, साडी खोचलेली, हातात दादाचा पाना घेतलेली, भर रस्त्यावर उभी असलेली वहिनी.

आज दीड महिना झाला. तिच्याविषयी लिहावं असं रोज वाटतं आणि रोज हात अडतो, कारण तिच्या आयुष्यातलं जे सांगण्यासारखं आहे त्यात मीही आहे, आणि माझा वाटा काही चांगला नाही.

वहिनीचं नाव सुकवारो. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकवारो. बालोदकडच्या एका खेड्यातली छत्तीसगढ़ी पोर. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा ती काकासोबत मजुरीला आली आणि रेजा म्हणून डोक्यावर सिमेंटची घमेली वाहू लागली. आमचा दादा तिथंच गॅरेजमध्ये मेकॅनिक होता, डंपर आणि मिक्सर दुरुस्त करायचा. आम्ही देवरीकडचे, शेतकरी घरातले. बाबा रेल्वेत गँगमन होते, ते गेल्यावर दादाच्याच जिवावर आई आणि मी मजुरांच्या कॅम्पमधल्या टिनाच्या खोलीत राहायला आलो होतो. एका दुपारी दादा सुकवारोला घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मी लग्न करून आलो." आई काही बोलली नाही. ती त्या दिवसापासून वहिनीशी बोललीच नाही. जे सांगायचं ते माझ्यामार्फत. "तिले सांग, चूल पेटव मनावं." "तिले सांग, माझ्या भांड्याले हात लावू नोको." वहिनी समोरच असायची. मी नऊ-दहा वर्षांची होते, आणि खरं सांगते, मला त्या निरोप्याच्या कामाचा मोठा अभिमान वाटायचा. आईनं वहिनीच्या हातचं पाणी दोन वर्षं घेतलं नाही. तिला पाणी मी द्यायची.

त्यातच आई पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. ती आडवी झाली ती झालीच. आणि चैत्रात देवरीहून मामाचं पत्र आलं, की आजीचं काही खरं नाही, लेकीला बोलावते आहे. आईला ना आगगाडीत नेता येई, ना मोटारीत बसवता येई. तेव्हा दादानं ती गाडी बाहेर काढली. सैन्यातून मोडीत निघालेली जुनी अॅम्ब्युलन्स होती ती, दादानं मित्राच्या मदतीनं मिळवलेली. सुटीच्या दिवशी तो तिच्यावर काम करत बसायचा. आत एका बाजूला झोपायची फळी बोल्टांनी बसवली, दुसरीकडे बसायला पेटी, पेटीत स्टोव्ह आणि पीठ-मीठ, खिडकीला वहिनीच्या जुन्या साडीचा पडदा. कॅम्पातले लोक तिला घरगाडी म्हणायचे. आम्ही चौघं पहाटे निघालो. दादा चालवायला, आई फळीवर, तिच्या पायाशी मी, आणि वहिनी पुढं दादाजवळ, म्हणजे आईच्या नजरेआड.

राजनांदगाव मागं पडलं. पुढं रस्ता रानातून जाऊ लागला. मोहाची फुलं गळत होती, सगळ्या हवेत त्यांचा गोड, जड वास होता. बाघ नदी दोन-तीन कोसांवर आली असेल, तेवढ्यात मागून काडकन आवाज झाला. इंजिन चालू, गाडी मात्र जागची हलेना. दादा खाली गेला, बराच वेळ तिथंच राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा काळवंडला होता. "हाफ शाफ्ट तुटला," तो म्हणाला. मागची चाकं फिरवणारा दांडाच मोडला होता. तो रस्त्यावर दुरुस्त होण्यासारखा नव्हता, दुसरा आणायला दुर्गला परत जावं लागणार होतं. एक ट्रक थांबला. चढता चढता दादा वहिनीला म्हणाला, "उद्या सांजेपर्यंत येतो. गाडी सोडून कुठी जाऊ नोको. काही झालं तरी नाही."

ट्रक गेला आणि सगळं शांत झालं. दुपार तापली. ती पत्र्याची गाडी भट्टीसारखी झाली. वहिनीनं दोन्ही दारं उघडली, खिडकीचा पडदा भिजवून परत बांधला, आईच्या अंगाखालची गोधडी काढून चटई सरकवली. आई डोळे मिटून होती. तिच्या ओठांना कोरड पडली होती. पाणी मीच पाजलं, आणि वहिनी ते पाहत बाजूला उभी राहिली. मग आई पुटपुटू लागली, "माय थांबनार नाई... माय थांबनार नाई." रडत नव्हती. नुसती तेवढंच म्हणत होती. वहिनीनं ते किती वेळ ऐकलं कोण जाणे. ती मला नोनी म्हणायची, म्हणजे पोरी. एकाएकी म्हणाली, "नोनी, आईजवळ बैस. मी येते," आणि पायवाटेनं रानात शिरली.

तासाभरानं ती आली ती एक म्हातारा-म्हातारी आणि त्यांची बैलगाडी घेऊन. म्हातारी दाराशी आली, आईकडं पाहून घाबरली. वाटेत काही झालं तर, असं तिच्या तोंडावरच दिसत होतं. वहिनी तिच्या बोलीत म्हणाली, "दाई, मोर सास ला ओकर महतारी तीर पहुंचाना हे." माझ्या सासूला तिच्या आईजवळ पोचवायचंय. म्हातारीनं म्हाताऱ्याकडं पाहिलं. "महतारी के बात हे त जाबो," ती म्हणाली. आईसाठी आहे, तर जाऊ. आणि दोघांनी बैलगाडीत पेंढा पसरला.

वहिनीनं पेटीतून दादाचा पाना काढला आणि फळीचे बोल्ट सोडवू लागली. मी ओरडले, "दादानं नको म्हणून सांगितलंय!" ती थांबली नाही. आईनं डोळे उघडले. "तिले इचार, काय करून राहिली?" मी विचारलं. वहिनी बोल्ट फिरवता फिरवता माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आईले सांग, मायकडे नेते." आईनं डोळे पुन्हा मिटले. मग फळीसकट आईला खाली उतरवलं. पायाकडून म्हातारा-म्हातारी, डोक्याकडून एकटी वहिनी. घरगाडीची दारं बंद करून, दोरीनं बांधून आम्ही निघालो. त्या रात्री म्हातारीच्या अंगणात मुक्काम केला आणि उजाडताच पुढं.

बाघ नदीत पाणी घोट्याएवढंच होतं, पण रेती खोल. मधोमध बैल अडले आणि चाक रुतलं. गाडी एका अंगाला कलली. आई फळीवरून घसरू लागली. म्हातारा बैलांना आवरत होता, मी किंचाळत होते. वहिनीनं पाण्यात उडी घेतली आणि आईला सरळ दोन्ही हातांवर घेतलं. मोडलेल्या कमरेखाली एक हात, मानेखाली एक. आईचा हात वहिनीच्या गळ्यात पडला. आणि मी तिथं पहिल्यांदा ऐकलं... "सुकवारो, मले पाडू नोको."

"नाई पाडत, आई."

पलीकडचा काठ लांब होता. वहिनी एकेक पाऊल रेतीत दाबून टाकत होती. मी पाण्यातून मागं चालत होते आणि माझ्याकडे सांगायला काही निरोप नव्हता.

देवरीला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. आजी अजून होती. बोलणं गेलं होतं, डोळे होते. मामांनी आईची फळी आजीच्या खाटेजवळ टेकवली. आजीनं चाचपडत आईचा हात धरला आणि सोडला नाही. घर माणसांनी भरलेलं. कुणीतरी वाटीत पाणी आणलं, लेकीच्या हातून दोन घोट पाजावेत म्हणून. आईला उठता येत नव्हतं. मामी पुढं झाली. आई म्हणाली, "नाई. सुकवारो, तू पाज माह्या मायले." सगळे पाहत राहिले. कारखान्यातली रेजा, असं कुणी कुजबुजलंही. वहिनी भिंतीपासून निघाली, हात पदराला पुसले आणि चमच्यानं आजीच्या ओठांत पाणी सोडलं. नंतर आईनं तोच चमचा स्वतःच्या तोंडाशी आणायला सांगितला आणि वहिनीच्या हातचं पाणी प्यायली. आजी दुसऱ्या दिवशी गेली.

दादा त्याच दिवशी पोचला, गाडी दुरुस्त करून, संतापानं लाल होऊन. "सोडली कावून गाडी? मी काय सांगून गेलो होतो?" वहिनी एवढंच म्हणाली, "गाडी तं लोखंडाची हाय. तिले काय होते?" दादाला आजीची बातमी तेव्हा कळली. तो ओट्यावर बसला आणि वहिनीच्या पान्यानं सोललेल्या हातांकडे पाहत राहिला.

आई त्यानंतर चार वर्षं जगली. वहिनीनंच तिचं सगळं केलं. पुढं सेक्टरात, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीत, क्वार्टर मिळालं, रमेश झाला, माझं लग्न होऊन मी नागपूरला आले. मागच्या दिवाळीत मी तिला विचारलं, वहिनी, तेव्हा तुला भीती नाही वाटली? तिनं पणतीतली वात पुढं सरकवली. मग म्हणाली, "लय भेव होतं, नोनी. आई वाटेत गेली असती, तं तुह्या दादानं मले ठेवलं असतं का?... पन तिचं ते बोलनं आयकून बसवत नव्हतं." साठ वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

तेराव्यानंतर रमेशनं मला तिच्या खोलीत झोपायला सांगितलं. सकाळी त्याची बायको झाकलेलं काशाचं भांडं घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. भांड्यात बासी होती, रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर मीठ आणि बाजूला कांदा. वहिनी आयुष्यभर सकाळी हेच खायची. आईनं ते शेवटपर्यंत तोंडात घातलं नाही, आणि मीही नाही. सासरच्या माणसांसमोर तर मी सांगायची, की आमच्याकडे असलं कुणी खात नाही. "रोज रात्री भिजवते, आत्या," सून म्हणाली. "हात थांबतच नाही."

मी तिच्याकडून भांडं घेतलं. खोलीच्या उंबऱ्यावर बसले, कांदा हातानं फोडला, आणि खाल्लं. सगळं.