गाऱ्हाणं ऐकणारी पेटी

आमच्या शेजारच्या बोटवाल्या काकांइतक्या मोठ्याने बोलणारा माणूस मालवणच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. उभा जन्म बोटीच्या इंजिनघरात गेला, कान तिथेच राहिले आणि काका तेवढे निवृत्त होऊन घरी आले. त्यांचं कुजबुजणंसुद्धा बाजारपेठेपर्यंत जायचं. एकदा माझ्या बहिणीला आलेल्या स्थळाबद्दल "कोणाक सांगू नको हां" म्हणत त्यांनी माझ्या कानात काही सांगितलं, तर रस्त्याने पाटी घेऊन चाललेली मासेवाली थांबून म्हणाली, "न्हवरो बरो आसा, पण सासू खाष्ट!" दुसऱ्याचं बोलणं मात्र ते अंदाजाने ओळखत. आपण चहाचं विचारावं आणि उत्तर यावं, "सोमवारी."

सगळं हसण्यावारी जायचं, फक्त टेलिफोनचं जात नसे. एकुलती एक मुलगी मुंबईला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. दर रविवारी तिचा फोन आला की काका "बरा आसा गो, मासळी गावता!" असं ओरडून रिसीव्हर काकूंच्या हातात देत. ती काय म्हणाली ते काकू त्यांना खुणांनी सांगायच्या. काकू गेल्या आणि काकांनी फोनजवळ बसणंच सोडलं. लेक जिवंत असून तिचं बोलणं हरवलेला तो माणूस पाहून माझा जीव तुटायचा.

मालवणात एस.टी.डी. आलं तेव्हा मुलीने कंपनीने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर आणला आणि एक चपटी काळी पेटी फोनच्या तारेला जोडली. तो मोडेम. इकडे टाइप केलेलं तिच्या पडद्यावर उमटायचं आणि तिचं इकडे. पण पेटी हुकुमाशिवाय हलत नसे, आणि प्रत्येक हुकुमाआधी ए आणि टी ही अक्षरं लागत, म्हणजे 'इकडे लक्ष दे'. काकांना हे एकदम पटलं. "गाऱ्हाण्यात आधी देवाक हाक मारतंव, मगे मागणा. ह्येचा येगळा काय आसा?"

दर रविवारी आंघोळ करून ते पेटीसमोर बसत आणि प्रत्येक अक्षर गर्जत. "ए टी झेड!" म्हणजे शुद्धीवर ये. पडद्यावर 'ओके' आलं की काका तेही गर्जत, आणि मग कुंपणापलीकडून आम्ही सगळे देवळातल्या गाऱ्हाण्याला देतात तशी साद द्यायचो, "व्हय म्हाराजा!" पुढे "ए टी डी पी", म्हणजे नंबर फिरव, आणि मुंबईचा नंबर. पेटी किंचाळायला लागे. ते काकांना ऐकू येत नसे, म्हणून ते तिच्यावर तळहात ठेवून बसत. थरथर थांबली की म्हणत, "लागलो!"

फोन ठेवायचा तर अधिकची तीन चिन्हं दाबायची, त्याच्या आधी आणि नंतर क्षणभर काहीच टाइप करायचं नाही, मग "ए टी एच". काकांना आयुष्यात तेवढंच गप्प राहणं जमलं. पण एचवर बोट गेलं की हटकून काहीतरी आठवे, आणि ते "ए टी ओ" देऊन परत बोलण्यात शिरत. ओसरीवरून उठलेला पाहुणा चपला घालून पुन्हा बसतो, तसं. एच त्यांनी कधी दाबलाच नाही; शेवटी तिकडून लेकच फोन ठेवायची. "पोरीक मी कित्याक तोडू?" म्हणायचे.

गणपतीला ती घरी आली. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर काका पेटीवर हात ठेवून सवयीने बसले होते. मी निरोप घ्यायला दारात उभा होतो. ती शेजारी बसून काहीतरी म्हणाली. काका म्हणाले, "सोमवारी." ती हसली, आणि लगेच तिचे डोळे भरले. मग तिने कीबोर्ड ओढला आणि इंग्रजी अक्षरांत मालवणी टाइप केलं, "बाबा, जेवलास?" फोन लावलेलाच नव्हता. अक्षरं पडद्यावर नुसती उभी राहिली. पेटी गप्प, तिला कोणी हाक मारली नव्हती.

काकांनी वाचलं. पेटीवरचा हात उचलून त्यांनी लेकीच्या डोक्यावर ठेवला.

"जेवलंय गो," ते म्हणाले, "तू जेवलंस?"

इतकं हळू, की दारात असूनही मला ते जेमतेम ऐकू आलं.