निशिगंधा मॅडमची चेष्टा

मुलाखतीत माणूस थोडंफार खोटं बोलतोच, पण निशिगंधा ढवळे जरा जास्तच बोलली. "वर्गासाठी ऑनलाइन टूल्स वापरता येतात का?" असं आमच्या प्रिन्सिपल राठौड मॅडमनी विचारलं आणि ही बार्शीची पोर मान ताठ करून म्हणाली, "ऑल ऑफ देम, मॅडम." प्रत्यक्षात ऑनलाइन तिला येत होतं ते एवढंच, की भाजी मागवायची आणि कोथिंबीर आली नाही म्हणून भांडायचं. ते भांडणही इंग्रजीतून करायची, कारण हिंदीतून भांडली तर समोरचा हसायचा.

मी विनया, त्याच शाळेत गणित शिकवते. नवऱ्याची बँकेतली बदली होऊन नागपूरहून जयपूरला आलो आणि इथंच मुरलो. आमची शाळा सांगानेरच्या बाजूला. सात-आठ वर्षांतून एखादी मराठी बाई तिथं उगवते आणि मग तिला काय कळत नाही ते सगळं मला विचारते. निशिगंधानं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, हितं मुलांना कावळ्याची चेष्टा करायला का सांगतात ओ?" आमच्या जिन्याच्या भिंतीवर चांगल्या विद्यार्थ्याची पाच लक्षणं रंगवलेली आहेत, कावळा, बगळा, कुत्रा अशा चित्रांसकट, आणि कावळ्याखाली लिहिलंय 'काक चेष्टा'. ती बघून ती विचारत होती. मला वाटलं, पोरगी विनोदी दिसतेय. तेवढ्यात घंटा झाली आणि विषय तिथंच राहिला.

पोरगी विनोदी नव्हती. तिचं हिंदीच तसं होतं. मराठी वाक्य घ्यायचं, शेवटी 'है' लावायचं आणि बेधडक सोडून द्यायचं. नागपूरच्या माणसाला असलं हिंदी ऐकून दात आंबतात, कारण आम्ही चुकीचं हिंदीसुद्धा शुद्ध बोलतो.

इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाल्यावर ती त्या ऑनलाइन साधनांच्या मागे लागली. रोज एक नवं ॲप. आधी एक फिरतं चक्र आणलं. त्यात सगळ्या मुलांची नावं भरायची, बटण दाबलं की ढोल वाजायचा, चक्र गरगर फिरायचं आणि ज्याच्या नावावर थांबेल त्यानं उत्तर द्यायचं. ढोल एवढा मोठा, की शेजारच्या वर्गात माझं त्रैराशिक बंद पडायचं. मग वाचन ऐकणारं ॲप आलं. मुलानं इंग्रजी धडा वाचायचा आणि ॲपनं उच्चारांना रंग द्यायचे. आमची मुलं 'इस्कूल' म्हणतात, त्यामुळे अख्खा वर्ग लाल. शेवटी वैतागून निशिगंधानं स्वतः वाचून दाखवलं, तर तीही लाल निघाली. तेव्हा आठवीचा वर्ग टाळ्या वाजवून हसला.

त्या टाळ्यांची म्होरकी होती गरिमा छीपा. तिच्या वडिलांचा सांगानेरला ठशांनी कापड छापायचा छोटा कारखाना आहे. पोरगी हुशार, पण नकलाकार. राठौड मॅडमचं खाकरणं, माझं "इधर देखो, बोर्ड पर देखो", सगळं हुबेहूब. दरवर्षी वर्गशिक्षिका तिच्या वडिलांना बोलावणार आणि तो बिचारा हातांना निळा रंग लागलेला तसाच येऊन खाली मान घालून उभा राहणार, हा आमच्या शाळेचा वार्षिक कार्यक्रमच होता.

एक दिवस गोंगाट फार झाला म्हणून निशिगंधा ओरडली, "सब लोग खाली बैठो!" तिला म्हणायचं होतं, खाली बसा. हिंदीत त्याचा अर्थ काहीही न करता नुसतं बसा. गरिमानं नम्रपणे हात वर केला. "पूरा पीरियड, मैम?" निशिगंधा म्हणाली, "हाँ, पूरा पीरियड!" मी दारावरून गेले तेव्हा चाळीसेक मुलं हाताची घडी घालून कमालीच्या आज्ञाधारकपणे रिकामी बसली होती आणि मॅडम रडकुंडीला आल्या होत्या.

यापर्यंत सगळं चेष्टेवारी चाललं होतं. पण पुढं पालकांना निरोप धाडणारं ॲप आलं आणि प्रकरण अंगाशी आलं. त्यात इंग्रजीत लिहायचं, ॲप आपोआप हिंदी करून पाठवतं. निशिगंधानं एका पालकाला सभ्य इंग्रजीत लिहिलं, की तुमचा पाल्य कच्चा आहे, लक्ष द्या. पाल्याला इंग्रजीत म्हणतात वार्ड. ॲपनं भाषांतर केलं, "आपका वार्ड बहुत कमज़ोर है। कृपया अपना वार्ड सुधारें।" आता ज्याला हे गेलं तो नेमका नगरसेवक! दुसऱ्या दिवशी तो चार कार्यकर्ते घेऊन ऑफिसात हजर. या शाळेला विरोधकांनी किती खाऊ घातलं, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

त्याला चहा पाजून वाटेला लावल्यावर राठौड मॅडमनी निशिगंधाला बोलावलं. महिनाअखेरच्या पालकसभेत तिच्याबद्दल एका जरी पालकानं तक्रार केली, तर सोमवारपासून यायचं नाही. प्रोबेशनवरच्या माणसाला नोटीस लागत नाही.

डबा उघडून ती माझ्यासमोर नुसतीच बसली. मी आपली शहाणपणा शिकवायला गेले, की अगं, नवऱ्याची आयटीतली नोकरी आहे, एवढं काय मनाला लावून घेतेस.

"तुम्हाला नाही कळणार ओ काकू," ती म्हणाली. "निहार दिवसभर कानाला हेडफोन लावून बसतो. घरात असतो आणि नसतोही. मी फ्रिजशी बोलायला लागले होते. खरंच सांगते. हितं मुलं हसतात, पण माझ्याकडं बघून हसतात. तिथं बघायलाही कुणी नाही. ही नोकरी गेली तर मी परत त्या फ्रिजसमोर."

मला वाईट वाटलं. बारावीला बार्शी केंद्रात इंग्रजीत पहिली आलेली पोर जयपूरच्या फ्लॅटमध्ये फ्रिजशी बोलते, हे काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मी तिला माझ्या डब्यातलं भरलं वांगं दिलं. ते खाऊन तिला जरा तरतरी आली आणि तिनं जाहीर केलं, "यापुढं भाषांतराचं बटण बंद. पालकांना मी स्वतः हिंदीत लिहिणार. त्या मशीनपेक्षा माझं हिंदी बरंय." यावर मी पोळीचा मोठा घास तोंडात कोंबला.

सभेच्या आठवड्यात तिनं शेवटचा हुकमाचा पत्ता काढला. शब्दांचा ढग. म्हणजे प्रत्येक मुलानं संगणकावर एक शब्द लिहायचा, नाव कुणाचंच दिसत नाही, आणि जो शब्द जास्त मुलं लिहितील तो पडद्यावर मोठा होत जातो. मुलांना प्रश्न दिला, आपला इंग्रजीचा वर्ग एका शब्दात सांगा. राठौड मॅडमना मुद्दाम बोलावून मागच्या बाकावर बसवलं. तास रिकामा होता म्हणून मीही गेले. पडद्यावर 'फन', 'गुड', 'नाइस' असे बारीकसारीक शब्द उगवले आणि मग त्यांना कोपऱ्यात ढकलत एकच शब्द फुगत गेला, रोमन लिपीत, खिडकीएवढा. 'आहे.'

निशिगंधा बोलता बोलता अडखळली की तिच्या तोंडून 'आहे' निसटायचं. "दिस इज अ नाऊन… आहे." गरिमानं ते हेरून सगळ्या वर्गाला पढवून ठेवलं होतं.

"ये आहे क्या है?" राठौड मॅडमनी विचारलं.

निशिगंधानं पडद्याकडं पाहिलं. "मॅडम, इट इज… ॲन ऑक्झिलरी व्हर्ब."

राठौड मॅडमनी समाधानानं मान हलवली आणि वहीत टिपून घेतलं. खरं म्हणजे ती खोटंही बोलली नव्हती.

पण त्या दिवशी तिचं डोकं फिरलं. स्टाफरूममध्ये येऊन तिनं थेट फोन काढला. मी म्हटलं, "सभा तोंडावर आहे, बाप्पा, आता कोणाच्या वाटेला जाऊ नको." पण बार्शीचं रक्त तापलं होतं. तिनं गरिमाच्या वडिलांना स्वतःच्या हातानं, स्वतःच्या हिंदीत लिहिलं आणि मला दाखवायच्या आत पाठवूनही दिलं.

सभा भरली. रक्षाबंधन जवळ आलं होतं, त्यामुळे पालक घाईत होते. नगरसेवकही आला होता, पण त्याला पुढची खुर्ची मिळाल्यानं तो शांत होता. निशिगंधा माझ्याशेजारी बसून ओढणीचं टोक पिळत होती. सगळं निभावतंय असं वाटत असताना गरिमाचे वडील उठले. जगदीश छीपा. नखांत निळा रंग, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि हातात राखीच्या दिवसांतल्या घेवर मिठाईचा डबा. गरिमा त्यांच्या मागे उभी. निशिगंधानं माझा हात पकडला.

"मैं हर साल इस इस्कूल में सर झुकाके आया हूँ," ते म्हणाले. "हर साल शिकायत। पहली बार किसी टीचर ने मेरी बेटी के लिए ऐसा लिखा है।" त्यांनी फोन डोळ्यांपुढे धरला आणि एकेक शब्द मोजत वाचलं. "गरिमा वर्ग में हमेशा चेष्टा करती है। दूसरे बच्चों को भी चेष्टा करने लगाती है। इतनी चेष्टा मैंने आज तक नहीं देखी।" त्यांनी फोन खाली केला. "कारखाने में सबको पढ़वाया मैंने। मैम, आप देवी हो।"

टाळ्या पडल्या. राठौड मॅडम उठून म्हणाल्या, की मुलांतलं चांगलं कसं हेरावं हे या नव्या मॅडमकडून सगळ्यांनी शिकावं.

"काकू," निशिगंधा माझ्या कानात कुजबुजली, "हे असे कसे ओ? लेक माझी टिंगल करते म्हणून लिहिलं, आणि हे मिठाई आणतात?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "अगं बाई! हिंदीत चेष्टा म्हणजे मेहनत. खटपट. प्रयत्न!"

"म्हणजे तो भिंतीवरचा कावळा…"

"कावळ्यासारखी चिकाटी ठेवा, असं लिहिलंय तिथं."

एक सांगते, मी तिच्या जागी असते तर घेवर घेऊन गप्प बसले असते. मी मनात तिला तेच बजावत होते. गप्प बस, नोकरी वाचली, गप्प बस. पण ही उठली. "भाईसाब," ती म्हणाली, "एक गलती हो गई है। वो चेष्टा मतलब… मेरी भाषा में…"

जगदीश छीपांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा थांबलं. मान वळवून त्यांनी लेकीकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सवय, डोळे आपोआप खाली जायला लागले होते.

"पापा," गरिमा पुढं झाली. "मैम का मतलब है, अभी तो शुरू की है। और करनी पड़ेगी।" आणि तिनं डबा उघडून पहिला तुकडा निशिगंधाच्या तोंडात कोंबला, तो जरा जास्तच मोठा. घेवर तोंडात असताना खरं बोलणं कुणालाही जमत नाही. राठौड मॅडमनी पुढचं नाव पुकारलं.

सभा संपल्यावर जिन्यात, त्या कावळ्याखालीच, निशिगंधानं गरिमाला गाठलं. मी दोन पायऱ्या वर उभी राहिले, कारण मला ऐकायचं होतं.

"तुला माहीत होतं?"

"आपका 'आहे' ढूँढने के लिए फोन में मराठी डाली थी, मैम। फिर पापा ने मैसेज दिखाया तो चेष्टा भी डालके देख ली।"

"मग वडिलांना का नाही सांगितलंस?" घाबरली की निशिगंधाचं हिंदी पळून जायचं आणि नुसतं मराठीच उरायचं. पोरीला ते कळत होतं.

गरिमा कावळ्याच्या रंग उडालेल्या शेपटीवर नख घासत राहिली. "पापा पहली बार हँसते हुए आए थे, मैम।"

निशिगंधा एक पायरी उतरून तिच्याजवळ गेली.

मग पोरीनं मान वर केली, ओढणी सारखी केली आणि अस्सल बार्शीच्या सुरात, निशिगंधाच्याच आवाजात म्हणाली, "मी चेष्टा करते, मॅडम."

"कुठली? माझ्या भाषेतली का तुझ्या भाषेतली?"

गरिमानं क्षणभर शब्द जुळवले. "दोन्ही आहे."

"आहेत," निशिगंधा म्हणाली. या गावात आल्यापासून कुणाच्या बोलण्यातली चूक दाखवायची तिची ही पहिलीच वेळ होती. डोळे ओढणीनं पुसत तिनं पुन्हा सांगितलं. "दोन्ही आहेत. अनेकवचन आहे ते. म्हण."