मोकळं करू म्हटलं आणि कावळा शिवला

मामांच्या नंबरावरून फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती. दौंडला माझं औषधांचं दुकान आहे, आणि सर्जेराव मामांचा फोन म्हणजे कुणाचा तरी डोळा सुजलाय, कुणाची पिसं गळतायत, कुणी कालपासून दाण्याला तोंड लावलेलं नाही. कुणी म्हणजे पक्ष्यांपैकी कुणी. मी माणसांची औषधं विकते, हे त्यांना सांगून माझं तोंड दुखायची वेळ आली होती. फोन उचलला आणि सवयीने म्हणाले, “बोला, आता कुणाला काय झालं?” पलीकडे मामा नव्हते, त्यांचा मुलगा संतोष होता. “ताई, आण्णा गेले,” तो म्हणाला. “आंघूळ करून वट्ट्यावर बसले... आन् बसले ते बसलेच.” समोरचा माणूस तापाची गोळी मागत होता. मी त्याला गोळी दिली, सुटे पैसे दिले आणि मग स्टुलावर बसले.

त्याला आता दोन महिने होत आले. शांतपणे, चार चांगल्या आठवणी काढून लिहावं असं ठरवलं होतं. लिहायला बसलं की रागच येतो. लोकांचा येतो, नातेवाइकांचा येतो, नदीवरच्या एका कावळ्याचा येतो आणि खरं सांगायचं तर मामांचाही येतो. तेव्हा हा लेख जसा येईल तसा वाचून घ्या.

मामांची शेती रांजणगावच्या अलीकडे. तरुणपणी याच माणसाने गोफण फिरवून पाखरांचा जीव नकोसा केला होता. बाजरीला कणसं निसवली की शेतातल्या माळ्यावर उभे राहायचे आणि राघूंचा थवा उतरला की अशी आरोळी ठोकायचे की आम्ही भाचरं घाबरून आजीला बिलगायचो. “समदी चोर जात हाय,” म्हणायचे. पुढे कंपन्या आल्या, रस्त्याकडेची जमीन खडकाळच होती, तिथे मामांनी भाड्याच्या खोल्यांची एक रांग बांधली. शिफ्टला जाणारी पोरं येऊन राहू लागली. कुणी बीडचा, कुणी ओडिशाचा, कुणी यूपीचा. कॉन्ट्रॅक्ट संपलं की पोरं जायची आणि मागे काहीबाही राहायचं: फुटकी बादली, गादी, भिंतीवरचं कॅलेंडर. एकदा एका खोलीत पिंजरा राहिला. आत एक निळा लव्हबर्ड, पाण्याची वाटी कोरडी.

मामांनी तेच केलं जे कुणीही भला माणूस करेल. पिंजरा अंगणात आणला, दार उघडलं आणि म्हणाले, “जा बाबा, तू बी जा तुझ्या गावाला.” तो पक्षी उडाला, कपडे वाळत घालायच्या तारेवर बसला, तिथून कंपाउंडच्या भिंतीवर. त्याला ना दाणा शोधता येत होता, ना लपता येत होतं. पिंजऱ्यात जन्मलेला जीव, त्याला आभाळ काय ठाऊक! कावळे आले. मामा ओरडत धावले तोवर शेपटी गेली होती. धुण्याच्या दगडाशी तो पडला, त्यांनी उचलला, तर तो सरळ त्यांच्या सदऱ्यात शिरून बसला. हा प्रसंग मामांनी मला किती वेळा सांगितला असेल! दर वेळी हात छातीशी न्यायचे. “धडधडत हुतं गं त्याचं काळीज, मंगे. म्या म्हणलं, मोकळं केलं. आन् खरं तर म्या मारायलाच काढलं हुतं त्याला.” त्या दिवसापासून त्यांची गोफण पाखरांवरून कावळ्यांवर वळली ती कायमची.

प्रेमात पडणं म्हणजे काय ते मी साठीच्या माणसात पाहिलं. सकाळी उठून आधी त्या निळ्याशी गप्पा, मग चहा. मामी वैतागायची, “माझ्याशी कवा एवढं बोलला न्हाई ह्यो माणूस.” त्याला जोडीदार आणला, मग ऊन लागू नये म्हणून पडदे, मग रांगेतली शेवटची खोली जाळी मारून त्यांच्या नावावर झाली. इथवर सगळं गोड होतं. पण गावाला कळलं की सर्जेराव पाखरं ठेवून घेतात, आणि आमचं नशीब फिरलं.

काय काय कारणं ऐकलीत मी! बाळ झालं म्हणून नको. बदली झाली म्हणून नको. वास येतो, शेजारी भांडतात, गाडीच्या रंगाला मॅच होत होता पण आता गाडीच विकली... हे शेवटचं खरं आहे, शपथेवर सांगते. शिरूरच्या फ्लॅटमधून यायचे, कारेगावच्या खोल्यांतून यायचे, पुण्याहून चारचाकीत एसी लावून यायचे. वाढदिवसाला हौसेने आणलेला पक्षी. पुढच्या वाढदिवसापर्यंत हौस संपलेली आणि पक्षी मात्र अजून वीस वर्षं जगणार. बरेच जण तर तोंडही दाखवायचे नाहीत. गेटला पिंजरा अडकवायचे आणि गाडी पळवायचे. मामा बाहेर येऊन गाडीच्या धुळीला शिव्या घालायचे, “पोटचं पोरगं आसतं तर टाकलं आसतं का रं असं?” मग पिंजरा आत न्यायचे. आपला हिरवा पोपट कुणी आणला तर ते वनखात्याच्या माणसाला फोन करायचे. तो घरात ठेवणं गुन्हा आहे, हे एका वनरक्षकानेच त्यांना बजावलं होतं. आणणाऱ्यांना ते ऐकून धक्काच बसायचा, कारण त्यांच्या आजोबांनी पाळला होता, वडिलांनी पाळला होता. हिरवे तिकडे जायचे आणि परदेशी जातीचे सगळे मामांच्या गळ्यात पडायचे.

माझं आणि त्यांचं यावरून कडाक्याचं वाजायचं. मी म्हणायचे, “मामा, तुम्ही घेता म्हणून लोक टाकतात. तुमच्यामुळे त्यांचं फावतंय. एकदा गेट बंद करा, बघा कसे ताळ्यावर येतात.” मामा पेरूच्या फोडी करत ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, “गेट बंद केलं तर त्ये काय करत्याल, मंगे? पाखरू परत घरी न्हेत्याल? न्हाई. वाटंत दार उघडत्याल आन् हात जोडून म्हणत्याल, पुण्य केलं.” मी त्यांच्या हातची फोड घेऊन पिंजऱ्यात टाकायचे. त्यांचं खरं होतं, म्हणूनच जास्त चिडचिड व्हायची.

त्यात एक भोंगा होता. हे मामांनीच ठेवलेलं नाव. पिवळा-केशरी परदेशी पोपट, दिसायला देवाने निवांत बसून रंगवलेला, आणि आवाज असा की कंपनीचा भोंगा बरा. चार घरांतून हाकलला गेलेला. एका घरात तर त्याचा पिंजरा संडासात ठेवत होते, दार लावून. तो आला तेव्हा छातीची पिसं त्याने स्वतःच उपटून काढली होती, सोललेल्या कोंबडीसारखा दिसत होता. मामा त्याच्या शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचायचे, मोठ्याने, बाजारभावांसकट. महिने गेले आणि एक दिवस फोन आला, “मंगे, भोंग्याला पिसं फुटाया लागली!” मी दुकानातल्या दुकानात रडले, आणि कुणी विचारलं तर डोळ्यात काहीतरी गेलंय म्हणाले.

आता दहाव्याकडे येते. शिरूरला नदीच्या घाटावर दशक्रिया होती. आमच्याकडे दहावा म्हणजे निम्मा कीर्तनकाराचा आणि निम्मा पुढाऱ्यांचा. माइक हातात आला की एकेकाला मामा किती आठवले! “थोर पक्षीप्रेमी,” म्हणत ज्याने पाच मिनिटं भाषण केलं, त्यानेच भोंग्याला मामांच्या गेटवर अडकवलं होतं. तेही सहन केलं. मग पिंड ठेवला. भात, पुरणपोळी, मामांना आवडायची म्हणून तिळाची चटणी. सगळे मागे सरकले. लिंबावर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. मला मनात हसू येत होतं. आयुष्यभर ज्यांच्यामागे गोफण घेऊन धावले, ते कशाला येतील यांच्या जेवायला? संतोष पुढे झाला, हात जोडून म्हणाला, “आण्णा, आईची काळजी करू नगा, मी हाय.” कावळा ढिम्म. मामांच्या मुलीने सांगून पाहिलं, भावाने सांगून पाहिलं. ऊन वाढत चाललं. मी गुरुजींना म्हणाले, “दर्भाचा कावळा करा आणि उरका.”

तेवढ्यात चेअरमन पुढे आले. हे मामांचे चुलतभाऊ. गावच्या सोसायटीचं चेअरमनपद जाऊन जमाना झाला, पण हाक अजून तीच. त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, “सर्जेराव, तुझा जीव पाखरांत गुतलाय, मला ठावं हाय. तेराव्याला तुझी समदी पाखरं आम्ही मोकळी सोडतो. शब्द हाय माझा!” आणि कावळा उतरला. सरळ पिंडावर. एक नाही, तीन. लोकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, त्या कावळ्याला आनंद होणारच होता! त्याला तेराव्याचं आमंत्रण मिळालं होतं.

मधल्या दोन दिवसांत मी कुणाकुणाला समजावलं नाही! निळ्या लव्हबर्डची गोष्ट सांगितली, ती सगळ्यांना माहीत होती. तरी प्रत्येकाचं एकच, “ताई, कावळा शिवलाय. आता त्यात बोलायचं काय ऱ्हायलं?” संतोषला एकट्याला गाठलं. तो मान खाली घालून म्हणाला, “मला पटतंय गं. पण समद्यांम्होरं शब्द गेलाय. उद्या काय झालं तर लोक मलाच म्हणत्याल.” शिकलेला पोरगा, कंपनीत सुपरवायझर आहे. मशिनला तडा गेला तर लाइन थांबवतो आणि इथे त्याच्या तोंडून ‘थांबा’ निघेना.

तेराव्याला जेवणं झाली आणि मंडळी शेवटच्या खोलीशी जमली. मोबाइल वर झाले. मी दारात उभी राहिले तर मला हाताला धरून बाजूला केलं, प्रेमानेच, “दुःखात हाय बिचारी” असं म्हणत. चेअरमननी पहिला पिंजरा बाहेर आणला. कॉकाटील जातीचं पांढरं पाखरू, डोक्यावर पिवळा तुरा, मामांच्या खांद्यावर बसून त्यांचा चष्मा ओढणारं. दार उघडलं. ते बाहेर यायला तयार नव्हतं, तर पिंजरा हलवून काढलं. उडालं, लिंबावर गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत कावळ्यांनी घेरलं. गोठ्यामागे काहीतरी पांढरं पडताना सगळ्यांनी पाहिलं, व्हिडिओतही आहे ते. वर केलेले मोबाइल खाली आले. मग कुणीतरी म्हणालं, “त्याचं तेवढंच हुतं.” आणि चेअरमननी दुसऱ्या पिंजऱ्याला हात घातला. तो भोंग्याचा होता.

तेव्हा मामी उठली. तेरा दिवस कोपऱ्यात बसलेली बाई, जिने जन्मभर या पाखरांच्या नावाने बोटं मोडली, ती चालत आली आणि चेअरमनच्या हातातून पिंजरा काढून घेतला. “कावळ्याला इचारलंत,” ती म्हणाली. “मला इचारलं का?” चेअरमन म्हणाले, “वहिनी, सर्जेरावाची इच्छा...” “त्येंची इच्छा मला सांगता व्हय? ह्या पाखरांपायी त्यो माणूस माझ्याशी रोज भांडला. भांडण माझं हाय. ह्येंचं काय करायचं त्ये मी बघीन.” तिने भोंग्याला आत ठेवलं, दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि माझ्याकडे वळली. “मंगल, टेम्पो बोलीव. माझ्याच्यानं एकटीनं व्हायचं न्हाई ह्ये. तू ने.”

तर आता ते सगळे माझ्या गच्चीवर आहेत. संतोषने स्वतः येऊन जाळी मारून दिली. मामी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर बाजरीची कणसं आणि पेरू धाडते. शेजारी भोंग्याबद्दल सोसायटीत अर्ज देणार आहेत. संस्थांना फोन केले, त्यांच्याकडेही जागा नाही, त्यांच्या दाराशीही हेच चाललंय. परवा एक जोडपं दुकानात आलं आणि खोकल्याच्या औषधाबरोबर हळूच विचारलं, “तुम्ही पक्षी घेता ना?” मी त्यांना काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. पिंजरा गाडीत होता. आता तोही वर आहे. मामा, तुमचा राग येतो तो असा.

आणि गाव म्हणतंय की मामा अडकलेत. संतोषची मोटर जळली, पाखरं सोडली नाहीत म्हणून. त्याच्या चुलतीचा पाय मोडला, त्याचंही तेच. मागच्या आठवड्यात चेअरमनचा फोन आला. आवाज खरंच खचलेला होता. “मंगल, सर्जेराव रोज सपनात येतोय.” मी विचारलं, “काही म्हणतात का?” “न्हाई गं. नुसता हुबा ऱ्हातो आन् बघतो.” मी फोन घेऊन गच्चीवर गेले. रोज सकाळी मी पिंजरे धुते, वाट्या घासते, त्या भोंग्याला बाजारभाव वाचून दाखवते. माझ्या स्वप्नात एकदाही आले नाहीत मामा. आणि यांच्याकडे रोज जातात!

“पोरी, ऐक माझं,” चेअरमन म्हणत होते. “मोकळं कर त्येला.”

“नाही चेअरमन,” मी म्हणाले. “मी कुणालाच मोकळं करणार नाही. पाखरांना नाही, आणि मामांनाही नाही.”