बापटांची पारख आणि चेनची बाटली

हॉस्पिटलात आयुष्य काढलेल्या बाईला "एखादा किस्सा सांगा ना सिस्टर" असं म्हणू नये. आमच्याकडे किस्से वॉर्डातल्या चादरींसारखे साठतात. आज धुवायला टाकले, तरी उद्या तेवढाच ढीग! आणि हसत हसत सांगायला घ्यावा नि मध्येच पदर डोळ्यांना लावावा, असेच त्यात जास्त. माझ्याकडचा निम्मा ढीग तर एकट्या बापटांचा आहे. सांगते, पण मध्ये बोलायचं नाही.

मी मूळची मिरजेची, कुवेतला हाडांच्या वॉर्डची सिस्टर. बापट पुण्याचे, आमच्या लॅबमध्ये टेक्निशियन. हमीदभाई श्रीवर्धनकडचे, हॉस्पिटलची व्हॅन चालवायचे. शुक्रवारी सुट्टी असली की खैतान भागात बापटांच्या फ्लॅटवर आमचा अड्डा जमायचा. सुमनवहिनींचे पोहे आणि बापटांचं भाषण, दोन्ही पोटभर!

*

बापटांना नाद एकच. वस्तू अस्सल की नकली? सत्तरच्या दशकात कुवेतमध्ये जगातल्या यच्चयावत वस्तू येऊन पडत होत्या. कोणी घड्याळ आणायचं, कोणी अत्तर, कोणी सोनं. बापट ती वस्तू उजेडात धरायचे, एक भुवई वर न्यायचे आणि निकाल द्यायचे. फी नाही, अपीलही नाही!

एकदा माझ्या वॉर्डातली एक नवी नर्स स्वतःच्या लग्नासाठी घेतलेला मोत्यांचा सर घेऊन आली. बापट म्हणाले, "मोती दातावर घासायचा. खरा असेल तर बारीक खरखर लागते. नकली असेल तर घसरतो." त्यांनी घासला. पुन्हा घासला. मग दुःखाने मान हलवली. "काच आहे गं. नुसता घसरतोय!"

पोरगी रडकुंडीला आली. तेवढ्यात सुमनवहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, मोती खरेच असतील हो! दात नकली आहेत तुमचे!"

*

दुसरा किस्सा असा हसण्यावारी न्यायचा नाही.

हमीदभाईंच्या मनगटावर एक सोनेरी घड्याळ असायचं. झोपतानासुद्धा काढत नसत म्हणे. एका शुक्रवारी बापटांनी, कोणी विचारलेलं नसताना, त्यांचा हात ओढून घेतला. "हमीदभाई, फसवलं तुम्हाला! काट्यांवरूनच कळतंय. डुप्लिकेट!"

"असंल," हमीदभाई म्हणाले. "धाकट्या भावानं दिलं. शुऐबाला पोर्टवर लागला ना, तवा पहिल्या पगारातनं."

"मग त्याला सांगा, दुकानदाराकडे जा आणि चांगला खडसाव."

"तो नाही आता, बापटसाहेब. तिथंच पोर्टवर गेला, सामानाखाली सापडून."

पोहे तसेच राहिले. त्यानंतर कित्येक दिवस बापटांनी कोणाच्या वस्तूला हात लावला नाही. पण खोड ती, परत सुरू झालीच.

*

ऐंशीच्या दशकात चिनी कंपन्यांची माणसं कुवेतला कामाला यायला लागली. त्यांतला चेन नावाचा एक फोरमन मांडीचं हाड मोडून माझ्या वॉर्डात आला. पन्नाशीचा, अबोल माणूस. पाय वजनाला टांगलेला. इंग्रजी नाही, हिंदी नाही. कंपनीचा दुभाषा आठवड्यातून एकदा यायचा, बाकीचे दिवस आमचे हातवारे. त्याच्या लॉकरमध्ये, स्वेटरात गुंडाळलेली एक चिनीमातीची बाटली होती. मला वाटलं, मालिशचं तेल असेल.

बापट रक्त घ्यायला आले आणि चेन लॉकरमधून रुमाल काढत असताना नेमकी त्यांची नजर बाटलीवर पडली. लगेच स्वेटर बाजूला सारून ती हातात!

"सिस्टर, ही चिनी दारू आहे! कसल्याशा सरकारी कामाच्या समारंभाला अशा मोजक्याच काढतात. राई भागातल्या शोरूममधला हाँगकाँगचा सेल्समन सांगत होता, तिकडे लोक या बाटल्या न उघडता जपून ठेवतात. दरवर्षी भाव चढतो!"

"बापट, ठेवा ती आत. इथे दारू म्हणजे जेल आहे!"

ऐकतील तर शपथ! कसला समारंभ, कुठलं काम, ते विचारायचं त्यांना सुचलंही नाही. चेन दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होता आणि हे बाटली तोलत होते. "वजन बघा! जुन्या बाटलीतली दारू हळूहळू उडते, बाटली हलकी होते, भाव पडतो. ही कशी भरगच्च! आणि हे लाखेचं सील बघा. हाताने केलेलं, मशीनचं नव्हे." मग झाकणाला नाक लावून त्यांनी डोळे मिटले. "आहाहा! सीलमधूनसुद्धा वास येतोय!"

येईल नाहीतर काय! नुकतंच त्यांनी चेनच्या दंडावर स्पिरिट चोळलं होतं. वास येत होता तो त्यांच्याच बोटांना.

*

त्या शुक्रवारी पोह्यांबरोबर बाटलीचंही वर्णन झालं. पुढे शोरूममधल्या त्या सेल्समनलाही सांगून झालं. एवढा बोभाटा झाल्यावर व्हायचं तेच झालं. एका सकाळी दोन पोलीस वॉर्डात आले आणि सरळ चेनच्या लॉकरकडे गेले.

चेन पांढराफटक पडला. त्याचं हाड जुळत आलं नव्हतं. तेव्हा उचलून नेला असता तर पाय कायमचा गेला असता, आणि वर जेल. पोलिसांनी बाटली उंच धरून विचारलं, "कोणाची?" मी डॉक्टरांना बोलवायला धावले, तर मागून आवाज आला, "माझी आहे."

बापट! हातात रक्ताच्या नळ्यांचा ट्रे.

"वेड लागलंय का तुम्हाला?" मी मराठीत ओरडले. "मुलगी दहावीला आहे तुमची!"

"बोंब मीच मारली ना, सिस्टर," ते म्हणाले आणि ट्रे माझ्या हातात दिला. नळ्या किणकिणत होत्या.

*

हमीदभाईंचं अरबी चांगलं, म्हणून पोलीस ठाण्यात तेच बोलायला गेले. तिथलं त्यांनीच नंतर सांगितलं.

ऑफिसरने विचारलं, "यात दारू आहे?"

बापट म्हणाले, "छे छे! नकली आहे!"

"तू तर गावभर अस्सल म्हणून सांगत होतास."

"हमीदभाई, सांगा हो त्यांना, मला काडीची अक्कल नाही! मला मोत्यातलं कळत नाही, सोन्यातलं कळत नाही!"

हमीदभाईंनी लगेच मनगट पुढे केलं. "खरं आहे साहेब. माझ्या घड्याळाला पण यानं नकली म्हटलं होतं."

ऑफिसर हसला, पण सोडलं नाही. बाटली तपासणीसाठी सरकारी लॅबमध्ये गेली. दारू निघाली असती तर बापट तुरुंगात, नोकरी खलास, आणि सुमनवहिनी नि मुलीला बोचकं बांधून पुण्याची वाट. वहिनी दिवसभर देवापुढे बसून होत्या. "देवा, नकली निघू दे रे!" मी प्रार्थनेत तेच मागत होते आणि हमीदभाई नमाजात तेच. जगात लोक आपली वस्तू खरी निघावी म्हणून देवाला साकडं घालतात. आमचं सगळंच उलटं!

रिपोर्ट आला. पाणी! साधं पाणी! म्हणून तर बाटली भरगच्च लागली! दारूपेक्षा पाणी जड असतं, हे लॅबमध्ये जन्म काढलेल्या बापटांना कोणी शिकवायचं? ऑफिसरने रिकामी बाटली बापटांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "खलास. घरी जा."

*

आम्ही बर्फीचा बॉक्स घेऊन वरातीसारखे वॉर्डात शिरलो. चेनजवळ दुभाषा बसलेला होता. बापट भलतेच खुशीत. "सांगा याला, बाबा रे, तुला कोणीतरी चांगलंच फसवलं, पण त्या लबाडाचं भलं होवो! आत नुसतं पाणी होतं!"

चेनने बाटली घेतली. तळहातावर उलटी केली. काहीच पडलं नाही. मग तो बोलला, आणि बराच वेळ बोलला. एवढा बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

दुभाषा म्हणाला, "तो म्हणतो, मला कोणी फसवलं नाही. त्यांच्याकडे धरण बांधलं. पुरं झालं तेव्हा कामावरच्या लोकांना या बाटल्या वाटल्या. मग पाणी अडवलं आणि त्याचं गाव त्याच धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव सोडायच्या दिवशी त्याने दारू ओतून दिली आणि घरच्या विहिरीचं पाणी भरून घेतलं. सीलही त्यानेच केलं. इथून घरी परत गेल्यावर आईला थोडं देणार होता. तो इकडे आल्यावर ती नव्या जागी आजारी पडली, सारखं तेच पाणी मागते."

बर्फीचा बॉक्स मी पलंगाखाली सरकवला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

"तो विचारतोय," दुभाषा म्हणाला, "तुम्ही ते ओतलं कुठे?"

हमीदभाईंनी खाली बघितलं. सरकारी लॅबच्या सिंकमध्ये ओतलं होतं, आणखी कुठे ओतणार!

बापट म्हणाले, "झाडाला. ठाण्याजवळ खजुराचं एक झाड आहे. त्याच्या मुळाशी."

चेनने ऐकून घेतलं आणि हळूच मान हलवली.

*

पुढे चेन कुबड्यांवर चालायला लागला आणि त्याचं परतीचं तिकीट आलं. विमानतळावर सोडायला हमीदभाईंची व्हॅन, सोबत बापट आणि मी. दुभाषा कागदपत्रांसाठी पुढे गेला होता. व्हॅन सुटते न सुटते तोच चेनने बापटांच्या खांद्याला हात लावला आणि हवेत झाड काढून दाखवलं. खोड, वर पानं. मग बोट स्वतःच्या डोळ्यांकडे.

"बापटसाहेब," हमीदभाई समोर बघत म्हणाले, "आता कुठलं झाड?"

"कुठलंही. जरा हिरवंसं बघून थांबवा."

एका कंपाउंडच्या भिंतीशी खजुराचं झाड होतं. व्हॅन थांबली. चेनने बापटांकडे पाहिलं. बापटांनी ठामपणे मान हलवली. हेच.

चेन उतरला. कुबड्या बाजूला ठेवून, पाय लांब करून मुळाशी बसला. खोडावर हात ठेवून त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मग त्याने बाटली काढली आणि मुळाजवळची माती चिमटीचिमटीने आत भरायला लागला. तोंड अरुंद, निम्मी माती बाहेरच सांडत होती.

"म्हातारीसाठी नेतोय हो," हमीदभाई हळूच म्हणाले. "बापटसाहेब, सांगा त्याला खरं."

बापट खाली उतरले, त्याच्यासमोर मातीत मांडी घालून बसले आणि बाटली दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवली.